सभा आणि सभागृह

परिषद यशस्वी कशी करावी असे विचारले, की बहुतेकांच्या मनात प्रथम सभागृह, भोजन, ध्वनिक्षेपक आणि पुष्पगुच्छ येतात. या गोष्टी आवश्यक आहेतच. परंतु माझ्या नोकरीच्या काळात या चार गोष्टींवर सभेचे यश ठरल्याचे मी क्वचितच पाहिले. ते बहुधा दोन कागदांवर ठरते : विषयपत्रिका आणि निमंत्रितांची यादी.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने मी आधी हिशेब मांडतो. चाळीस माणसे दोन तास बसली, की ८० तास खर्च झाले. म्हणजे एका माणसाचे कामाचे दहा दिवस. प्रवास वेगळाच. बंगळूरच्या मारतहळ्ळीचे उदाहरण घ्या. मे २००८ पर्यंत प्रवासी विमाने तेथून जवळच असलेल्या एचएएल विमानतळावर उतरत. आता देवनहळ्ळीहून सुमारे ३५ ते ४० किलोमीटर यावे लागते आणि त्यात बाह्य वर्तुळाकार मार्गाची गर्दी. सप्टेंबर २०२२ च्या पावसात या परिसरातील रस्ते पाण्याखाली गेले, तेव्हा लोकांना ट्रॅक्टरवर बसून कचेरी गाठावी लागली होती. सकाळी दहाला सभा ठेवणाऱ्याने पुण्या-मुंबईहून येणारा माणूस पहाटे किती वाजता उठेल, याचा विचार केलेला असावा.

तरीही सभागृह हा दुय्यम प्रश्न आहे. राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन डिसेंबर १८८५ मध्ये पुण्यास भरावयाचे होते. मार्चमध्येच परिपत्रक निघाले होते. पर्वतीजवळच्या पेशव्यांच्या बागेत सभा आणि प्रतिनिधींचा निवास, अशी योजना होती. यजमानपद सार्वजनिक सभेकडे होते. अधिवेशन तोंडावर आले असता पुण्यात पटकीची साथ उद्भवली आणि सारा बेत ऐनवेळी मुंबईस हलवावा लागला. २८ डिसेंबरला गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत ७२ प्रतिनिधी जमले आणि तीन दिवसांत नऊ ठराव संमत झाले. जागा बदलली तरी सभा मोडली नाही. कार्यकर्त्यांचा परस्परांशी परिचय व्हावा आणि पुढील वर्षाचे कार्य ठरावे, हे दोन हेतू त्या परिपत्रकातच लिहिलेले होते.

मात्र त्याच परिपत्रकात प्रतिनिधी इंग्रजी उत्तम जाणणारे असावेत, अशीही अपेक्षा होती. यादी करताना आपण कोणाला वगळतो, हा प्रश्न तेथेच सुरू होतो.

तो प्रश्न सर्वांत रोखठोकपणे विचारला जोतीराव फुले यांनी, आणि तोही १८८५ मध्येच. न्यायमूर्ती रानडे यांनी त्यांना ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण पाठविले होते. जोतीरावांनी ते पत्राने नाकारले. जे इतरांचे मानवी हक्क उघडपणे मान्य करीत नाहीत, त्यांच्या सभांशी आमचा मेळ बसणार नाही, असा त्या पत्राचा आशय होता. नाव यादीत होते. प्रश्न मात्र विषयपत्रिकेत नव्हता.

या पत्राची मला तीव्रतेने आठवण झाली ती काही वर्षांपूर्वी मारतहळ्ळीतील एका हॉटेलात. बांधकाम मजुरांच्या कल्याणावर तेथे दिवसभराची परिषद होती. व्यवस्थेत काही उणे नव्हते. खिडकीतून समोरच्या इमारतीचे बांधकाम दिसत होते. सभागृहात मात्र एकही मजूर नव्हता, मुकादमही नव्हता. तेव्हा लागू असलेल्या १९९६ च्या कायद्यानुसार लाभार्थी म्हणून नोंदणी होण्यासाठी मागील बारा महिन्यांत ९० दिवस काम झालेले असावे लागे. यादगीर-रायचूरकडून आलेला, दर दोन महिन्यांनी ठेकेदार बदलणारा मजूर हा दाखला कोणाकडून आणणार? त्या दाखल्यावर मुलांच्या शिक्षणाची मदत आणि अपघातानंतरचे साहाय्य अवलंबून होते. मी हा प्रश्न उपस्थित केला. तो विषयपत्रिकेत नाही, असे सौजन्याने सांगण्यात आले. इतिवृत्तात नोंद झाली : ‘सखोल चर्चा झाली.’

तेव्हापासून सभेची टिपणी माझ्याकडे आली, की मी तीन गोष्टी विचारतो. या सभेअंती कोणता निर्णय व्हावयाचा आहे? तो घेण्याचा अधिकार असलेली व्यक्ती हजर राहणार आहे काय? आणि त्या निर्णयाचा परिणाम ज्याला भोगावयाचा आहे, त्याचे म्हणणे त्याच्या भाषेत कोण मांडणार? पहिल्या दोहोंचे उत्तर नसेल, तर सभेऐवजी पत्र पाठवावे. तिसऱ्याचे नसेल, तर सभा पुढे ढकलावी. इतिवृत्तातही प्रत्येक निर्णयापुढे जबाबदार अधिकारी आणि तारीख असावी. अन्यथा पुढील सभेत तोच विषय नव्याने चर्चिला जातो.

परप्रांतातील आपल्या महाराष्ट्र मंडळांच्या वार्षिक सभांनाही हे लागू आहे. गणेशोत्सवाच्या मंडपाचे भाडे तेथे तासभर चर्चिले जाते. शहरात नव्याने आलेल्या, वर्गणी न परवडणाऱ्या मराठी कुटुंबाचा विषय कोणाच्याच कागदावर नसतो. तो कागदावर आणणे हे सभा बोलावणाऱ्याचे पहिले काम आहे. सभागृहाचे आरक्षण त्यानंतर करता येते.