आईच्या दुधावर भाषणं देणाऱ्यांनो, आईच्या रजेचं काय?

दरवर्षी १ ते ७ ऑगस्ट हा जागतिक स्तनपान सप्ताह असतो. दवाखान्यात बॅनर लागतो, ‘आईचं दूध अमृत’ असं भाषण होतं, आशाताई आणि गरोदर बायांसोबत फोटो निघतात आणि आठव्या दिवशी बॅनर खाली येतो. आईचं दूध बाळासाठी सगळ्यात चांगलं, याबद्दल आमचा काडीचाही वाद नाही. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध द्या, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, तेही बरोबरच आहे. आमचा प्रश्न एवढाच आहे की, सहा महिने अंगावर पाजायचं तर सहा महिने आई बाळाजवळ पाहिजे. ती कुणाच्या पैशावर घरी राहणार? इथे भाषण देणारे गप्प बसतात.

आम्ही नवरा-बायको रायगड जिल्ह्यातल्या तळा गावात राहतो. एक कंत्राटी कामगार, दुसरी एका खाजगी कार्यालयात नोकरीला. आमची मुलगी छत्तिसाव्या आठवड्यात जन्मली, वजन दोन किलो शंभर ग्रॅम. एवढ्याशा बाळाच्या अंगात दूध ओढायची ताकद नसते. पाच मिनिटं ओढते आणि दमून झोपते. दवाखान्यात तिला छातीशी नीट कसं धरायचं हे कुणी दाखवण्याआधीच पावडरच्या डब्याचं नाव चिठ्ठीवर लिहून हातात आलं. घरी आलो तर शेजारच्या बाया विचारू लागल्या, “डब्याचं पाजताय? आईला दूध नाही का?” एका बाजूला डबा आणि दुसऱ्या बाजूला टोमणा. कामाची माहिती दिली ती घरी येणाऱ्या आशाताईने.

तिच्या सांगण्यावरून आम्ही तिन्ही गोष्टी एकत्र केल्या. आधी अंगावर पाजायचं, दर दोन-अडीच तासांनी, झोपली असेल तर उठवून. मग छातीत उरलेलं दूध हाताने किंवा पंपाने काढून वाटी-चमच्याने द्यायचं. तरीही कमी पडलं तरच पावडरचं दूध. यामागचं शास्त्र साधं आहे. छाती जितकी रिकामी होईल तितकं नवं दूध तयार होतं. डबा सुरू केला आणि पाजणं-काढणं थांबवलं की दूध आटतं. म्हणून जेव्हा जेव्हा डब्याचं पाजलं, तेव्हा तेव्हा पंप लावला. बाळाला पुरेसं मिळतंय की नाही, हे शेजारणीच्या मतावरून ठरत नाही. पहिला आठवडा सरल्यावर दिवसाला सहा किंवा जास्त लंगोट ओले होतात का आणि काट्यावर वजन वाढतं का, हे बघायचं. आमच्या मुलीचं वाढलं.

ज्यांच्या घरात लहान बाळ आहे त्यांच्यासाठी आणखी थोडं. पावडरचं प्रमाण डब्यावर लिहिलंय तेवढंच. डबा पुरवून वापरायचा म्हणून पाणी वाढवलं तर पोट भरल्यासारखं दिसतं, पण बाळ उपाशी राहतं. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून पाणी उकळून, ते चांगलं गरम, म्हणजे ७० अंशांच्या वर असतानाच त्यात पावडर टाकायची आणि मग निववून पाजायचं. उरलेलं ओतून टाकायचं. आईचं काढलेलं दूध कोकणातल्या उकाड्यात चार तासांच्या वर बाहेर ठेवायचं नाही. फ्रीज असेल तर जास्त टिकतं, पण पावसात वीज गेली की फ्रीज म्हणजे नुसतं कपाट. म्हणून आम्ही थोडं थोडंच काढत होतो.

आता पैशाचा हिशेब. फक्त डब्यावर असलेलं महिन्याभराचं बाळ चारशे ग्रॅमचा डबा चार-पाच दिवसांत संपवतं. म्हणजे महिन्याला सहा-सात डबे. एका डब्याला आम्ही चारशेच्या वर मोजले. पूर्ण डब्यावर गेलो असतो तर महिन्याला अडीच-तीन हजार गेले असते. लावणीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या बाईने हे पैसे कुठून आणायचे? ती दूध पातळ करते ते तिला कळत नाही म्हणून नव्हे, परवडत नाही म्हणून.

सहा आठवड्यांनी आमच्यातल्या आईला कामावर परत जावं लागलं. पगारी रजा नव्हती. १९६१ चा प्रसूती लाभ कायदा होता, २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आली, मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजण्यासाठी सुट्टी आहे, पन्नास कामगार असतील तर पाळणाघर आहे. पण दुकानं आणि कार्यालयांना तो कायदा दहा माणसांपासून लागू होत होता. आमच्या कार्यालयात माणसं सात. त्याच्या जागी आलेल्या नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही दहाचाच आकडा आहे. सात माणसांच्या कार्यालयातल्या बाईचं बाळ कमी भुकेलं असतं का? तिथे पंप लावायला जागा एकच मिळाली, संडास. जिथे कुणी घास खाणार नाही, तिथे बसून बाळाचं जेवण काढायचं. आणि जी शेतावर, भट्टीवर, लोकांच्या घरी भांडी घासायला जाते, तिला तर कायद्याचं दारच नाही. या बाया कोणत्या समाजांतून येतात हे आम्ही वेगळं सांगायला नको.

सरकार म्हणेल, आम्ही पैसे देतो. २०१३ चा अन्न सुरक्षा कायदा म्हणतो की सरकारी नोकरीतल्या किंवा असा लाभ आधीच मिळणाऱ्या बाया सोडून प्रत्येक गरोदर आणि स्तनदा मातेला किमान ६००० रुपये मिळाले पाहिजेत. प्रत्यक्षात मातृवंदना योजना पहिल्या मुलासाठी ५००० देते आणि दुसऱ्या वेळी मुलगी झाली तरच ६०००. म्हणजे दुसरा मुलगा झालेल्या आईला या योजनेतून काहीच नाही. आणि ६००० मिळाले तरी सहा महिन्यांत वाटले तर दिवसाला जेमतेम ३३ रुपये होतात. ३३ रुपयांत घरी बसून बाळाला पाजा, असं हे सांगणं आहे.

मित्रांनो, हा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. बाबासाहेब आणि रमाईंची गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार लेकरं लहानपणीच गेली. राजरत्न गेला तो जुलै १९२६ मध्ये. बरोबर दोन वर्षांनी, जुलै १९२८ मध्ये, मुंबई कायदे कौन्सिलात कामगार बायांच्या प्रसूती लाभाचं विधेयक आलं तेव्हा बाबासाहेब त्याच्या बाजूने उभे राहिले. त्यांचं म्हणणं असं होतं की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलावा. मालकालाही त्या बाईच्या श्रमाचा फायदा होतो, तेव्हा त्यानेही वाटा द्यावा. पुढच्या वर्षी, १९२९ मध्ये, मुंबई प्रांतात कायदा झाला. आईच्या त्यागाची थोरवी गाणारे तेव्हाही भरपूर होते. बाबासाहेबांनी थोरवी गायली नाही, खर्च कुणी करायचा ते सांगितलं. जवळपास शंभर वर्षं झाली, आम्ही तेच विचारतोय.

काही कार्यकर्ते म्हणतील, तुम्ही डब्याच्या कंपन्यांची बाजू घेताय. अजिबात नाही. १९९२ च्या कायद्याने बाळाच्या पावडरची जाहिरात, आयांना फुकट नमुने देणं, आरोग्य कर्मचाऱ्यांना भेटी देणं, डब्यावर बाळाचं चित्र छापणं, सगळ्याला बंदी आहे. तो कायदा कडक राबवा, हीच आमचीही मागणी आहे. पण कंपनीवरचा राग आईवर काढू नका. डबा हे गरजेच्या वेळचं औषध आहे. औषध घेणाऱ्याला कुणी गुन्हेगार म्हणत नाही. आणि आईपण दुधाच्या थेंबांवर मोजायचं असेल, तर सावित्रीबाईंचं काय करणार? यशवंतला त्यांनी जन्म दिला नव्हता. त्यांना त्याची आई म्हणायला कुणाची हरकत आहे?

पुरुष साथींनाही एक सांगायचं आहे. पाजणं हे बाईचं काम, हा तुमचा बहाणा वाटी-चमच्याने संपवला आहे. आमच्या घरी रात्री दोनचं दूध बाप पाजतो, पंपाचे भाग तोच उकळतो. समतेवर भाषण करून घरी येऊन झोपणारा कार्यकर्ता बाबासाहेबांचा अनुयायी कसा?

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. मुंबईच्या सायन रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मातृदुग्ध पेढी सुरू केली, आशियातली पहिली. अनेक आयांचं दूध तिथे एकत्र करून, तापवून, जंतू मारून, कमी दिवसांच्या आणि आजारी बाळांना देतात. कुणाचं दूध कुणाच्या पोटात गेलं, याची जात कोण विचारतो? आमच्या गावापासून काही तासांवर असलेल्या महाडला २० मार्च १९२७ रोजी आपल्या माणसांनी चवदार तळ्याचं पाणी प्यायलं, तर त्यांची डोकी फोडली आणि तळं ‘शुद्ध’ केलं. ज्या समाजाला आपल्या हाताने पाणी बाटतं असं वाटलं, त्याच समाजातली लेकरं आज कोणत्याही आईच्या दुधावर जगतात. जातीची शुद्धता किती पोकळ आहे, हे दीड किलोचं बाळ सिद्ध करतं.

म्हणून आमच्या मागण्या सरळ आहेत. प्रसूती रजेतली दहा माणसांची अट काढा आणि असंघटित बाईला २६ आठवड्यांचं किमान वेतन सरकारने द्यावं. मुलांची संख्या आणि लिंग न बघता मातृत्व लाभ द्या. प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात पाजण्याचं मार्गदर्शन करणारी प्रशिक्षित नर्स आणि दूध काढून ठेवायची सोय असावी. प्रत्येक कामाच्या जागी संडासाबाहेर एक स्वच्छ खोली असावी. येत्या ऑगस्टमध्ये बॅनर लागेल तेव्हा आपल्या गावातल्या तरुणांनी हे निवेदन घेऊन तहसील कार्यालयात जावं. आम्हीही जाणार आहोत, मुलीला घेऊन.

जय भीम!