पत्ते नेले, पत्रंही नेली

आमच्या इतिहास मंडळाचं पत्र दर महिन्याला ईमेलने जातं. वाचक जुन्नर-आंबेगावचेच, पण बरेचसे आता मुंबई-पुण्यात राहणारे. ज्या फुकटच्या सेवेवरून पत्र जायचं, ती बंद होणार असल्याची सूचना आली आणि सगळं दुसरीकडे न्यायचं काम माझ्याकडे आलं.

आधी पत्त्यांची यादी उतरवून घेतली. एक्सेलमध्ये उघडली, तर देवनागरी नावांच्या जागी नुसती वेडीवाकडी चिन्हं! फाइल शाबूत होती. उघडताना यूटीएफ-८ निवडलं आणि नावं जागच्या जागी आली. ‘पत्र नको’ म्हणून कळवलेल्यांची यादीही आठवणीने सोबत घेतली, नाहीतर त्यांना पुन्हा पत्रं सुरू झाली असती. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने मेल पाठवणाऱ्याची ओळख पटवण्याचे नियम कडक केले आहेत, म्हणून मंडळाच्या डोमेनवर एसपीएफ आणि डीकेआयएमच्या नोंदी केल्या.

माझा जीव अडकला होता तो जुन्या पत्रांत. सेवेबरोबर तीही जाणार होती. नाणेघाटातल्या सातवाहनांच्या लेखावर, लेण्याद्रीवर, हापूसबागेतल्या सौदागर घुमटावर लिहिलेलं गेलं असतं, तरी या विषयांवर ग्रंथ आहेत. जुन्या आंबेगावचं तसं नाही. मूळ गाव डिंभे धरणाच्या पाण्यात गेलं. तालुक्याला नाव तेवढं राहिलं, कचेरी घोडेगावात. त्या गावावरच्या आमच्या पत्राला वाचकांची उत्तरं आली होती: कुणाचं घर कुणाला लागून होतं, घोड नदीवर उतरायची वाट कुठून होती. एका मावशींनी तर वहीच्या पानावर नकाशा काढून त्याचा फोटो पाठवला होता. देऊळ, पार, आपलं घर, आणि विहिरीशी बाण काढून लिहिलेलं: ‘हिचं पाणी गोड’. आमच्या पत्रापेक्षा ही उत्तरं मोलाची, असं मला मनापासून वाटतं. आणि ती मेलबॉक्समध्ये इकडेतिकडे विखुरलेली होती.

म्हणून पत्ते हलवतानाच सगळी पत्रं पीडीएफ करून घेतली आणि प्रत्येकामागे त्याची उत्तरं लावली. आता याच्या छापील प्रती काढायच्या आहेत. ज्याचं उत्तर, त्याला विचारल्याशिवाय छापायचं नाही असं ठरलंय, त्यामुळे सध्या रोज संध्याकाळी फोन चालू आहेत. मावशींनी होकार दिला आहे. फक्त विहीर पाराच्या जरा वरच्या अंगाला दाखवा म्हणाल्या.