न फोडलेली काच

घरात एखादी वस्तू फुटली, की माणसाला सर्वांत आधी काय हवे असते? ती वस्तू परत हवी असते, असे मी बरीच वर्षे समजत होतो. परंतु ते खरे नाही. माणसाला आधी हवा असतो तो फोडणारा. नवी बशी बाजारात मिळते. पण फोडणारा सापडल्याखेरीज जुन्या बशीचे तुकडे गोळा करायलासुद्धा कुणी वाकत नाही. मग ज्याच्या हातून फुटली तो पुढे येतो, किंवा ज्याचा चेहरा सर्वांत ओशाळा दिसतो त्याला पुढे ओढले जाते. दोन्हींपैकी काहीही झाले तरी घर शांत होते.

आमच्या दारात एक जुनी मारुती आठशे उभी असते. ही गाडी कारखान्यातून बाहेर पडायची ती २०१४ सालीच थांबली. पण माझ्यासारख्यांच्या अंगणात ती अजून नांदते आहे. माझे शिक्षण, आमच्या वडिलांच्या भाषेत सांगायचे, तर मॅट्रिकपर्यंतचे. त्यावर चित्रकलेची पदविका. दिवसा मी शाळेत मुलांना चित्रे काढायला शिकवतो आणि रात्री कादंबऱ्या लिहितो. या दोन्ही उद्योगांत माणसाला एक खोड जडते. समोरच्याचा चेहरा पाहिला, की त्याच्या मनातले आपल्याला कळते, असे त्याला वाटू लागते.

यंदाच्या मे महिन्यातली गोष्ट. दिवसभर गाडी उन्हात तापत उभी होती. संध्याकाळी गल्लीतली पोरे तिच्या पलीकडे क्रिकेट खेळत होती. मी ओटीवर वाचत बसलो होतो. एवढ्यात फट्ट असा आवाज झाला, आणि मागोमाग मूठभर खडीसाखर फरशीवर ओतावी तसा आवाज आला. बाहेर येऊन पाहतो, तो गाडीच्या डाव्या बाजूची पुढची काच नाहीशी झालेली. बैठकीवर, रस्त्यावर, सगळीकडे हिरवट पांढरे दाणे. पोरे खेळ थांबवून उभी होती. सर्वांत पुढे जो उंच मुलगा होता त्याची मान खाली गेलेली होती. मला तेवढे पुरे झाले.

"मी नाही फोडली, काका," तो म्हणाला.

"मग काय वाऱ्याने फोडली?" मी विचारले.

त्याने उत्तर दिले नाही. मी बॅट आणि चेंडू जप्त करून घरात आणून ठेवले. हे करताना आपण काही चुकीचे करतो आहोत असे मला वाटले नाही. उलट, काच गेल्याचे दुःख अर्धे कमी झाले.

दुसऱ्या दिवशी खिडकीला प्लास्टिकचा कागद चिकटवून मी गाडी काढली. कराडहून ओगलेवाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर मोटारींच्या काचा बसवणारे एक दुकान आहे. आमच्या भागाला काच नवी नाही. १९१६ साली इथे ओगल्यांचा काचकारखाना उभा राहिला आणि त्याच्यामुळे या वस्तीला ओगलेवाडी हे नाव मिळाले. तिथला प्रभाकर कंदील एकेकाळी महाराष्ट्रातल्या घराघरांत जळत असे. आमच्या आजीकडेही एक होता. त्याची काच राखेने पुसायचे काम माझ्याकडे असे, आणि पुसताना आजी समोर बसून राही. काचेवर तिचा जेवढा विश्वास होता तेवढा माझ्यावर नव्हता. आता तो कारखाना बंद पडून कैक वर्षे झाली.

दुकानात शिरलो तर आतून आवाज आला, "या सर."

मला 'सर' म्हणणारी माणसे या गावात जागोजाग भेटतात. भाजीवाला म्हणतो, बसचा कंडक्टर म्हणतो. मास्तरला लहान गावात परका माणूस उरत नाही. म्हणून मी सवयीने हसलो. पण तो माणूस फडक्याला हात पुसत उजेडात आला, मान किंचित डावीकडे कलती ठेवून माझ्याकडे पाहू लागला, आणि माझे हसणे ओठावरच राहिले. वर्गात तिसऱ्या बाकावर बसून तो असाच मान कलती करून फळ्याकडे पाहत असे.

२००४ साल होते. माझ्या नोकरीचे तिसरे वर्ष. प्रयोगशाळेच्या कपाटाच्या दाराची काच फुटली होती आणि मधल्या सुट्टीत हा त्या खोलीपाशी दिसला होता. आठवीत होता. "सर, मी न्हाई फोडली," असे तो तीनदा म्हणाला. चौथ्यांदा त्याने खाली पाहिले. मी सगळ्या वर्गासमोर त्याला विचारले, "मग काय वाऱ्याने फोडली?" मुले हसली. दुसऱ्या दिवशी त्याच्या वडिलांना बोलावून घेतले. त्यांनी काहीही न विचारता काचेचे ८५ रुपये मोजून टेबलावर ठेवले आणि पोराकडे न पाहता निघून गेले.

दिवाळीची सुट्टी लागायच्या दिवशी शाळेच्या शिपायाला मी पोस्त दिली. ती घेताना तो घुटमळला. म्हणाला, "सर, त्या दिवशी कपाट माझ्याकडनं उघडं राहिलं होतं. वाऱ्यानं दार आपटलं." काच खरोखरच वाऱ्याने फोडली होती.

सुट्टी संपली. तो मुलगा पुन्हा तिसऱ्या बाकावर येऊन बसला. मी त्याला काही सांगितले नाही. वर्गासमोर मास्तरने आपली चूक कबूल केली, तर वर्ग हाती राहत नाही, असे मी स्वतःला समजावले. एकट्याला बोलावून सांगता आले असते. तेही जमले नाही. पैसेसुद्धा परत केले नाहीत, कारण पैसे परत करायचे तर कारण सांगावे लागले असते. नववीच्या हजेरीपटावर त्याचे नाव नव्हते. त्या ८५ रुपयांपायी त्याने शाळा सोडली, असे मी म्हणणार नाही. त्याच्या वडिलांचे काम सुटले होते असे मागाहून कानावर आले. पण हजेरी घेताना त्याचे नाव लागले नाही तेव्हा मला हायसे वाटले होते. आजवर हे मी कुणाला सांगितलेले नाही.

"काच मिळेल का?" मी विचारले.

"मिळंल की. बसा."

त्याने मला स्टूल दिले आणि दाराकडे वळला. त्याचे काम पाहत राहावे असे होते. काच वर-खाली करायच्या हँडलमागे त्याने एक जुने फडके घातले आणि बूट पुसावा तसे ते दोन्ही हातांनी इकडून तिकडे ओढले. टुणकन एक क्लिप उडाली, घोड्याच्या नालेच्या आकाराची. ती त्याने हवेतच झेलली. हँडल हातात आले. मग स्क्रू निघाले, दाराचे पॅड निघाले, त्यामागचा प्लास्टिकचा कागद निघाला. दाराच्या पोटात फुटलेली काच ढिगाने पडलेली होती. ब्रश आणि बोटे घालून तो ती काढू लागला.

"एवढं कशाला? नवी बसव म्हणजे झालं," मी म्हणालो. मला तिथून लवकर निघायचे होते.

"दाराच्या तळाला पाणी जायला भोकं असत्यात, सर. कण तिथं अडकलं की पावसाचं पाणी आत साचतं. दार आतनं सडतं. वरनं कळत न्हाई."

नवी काच त्याने आतून आणली. तिचा खालचा कोपरा माझ्या डोळ्यांना जरा मोठा वाटला म्हणून मी म्हटले, "बसली नाही तर थोडी कापता येईल ना?"

तो हसला. "ही कापता येत न्हाई, सर. आकार द्यायचा, भोक पाडायचं, ते सगळं भट्टीत जायच्या आधी. एकदा भट्टीतनं निघाली की हिला हत्यार लावायचं न्हाई. लावलं की सगळीच जाती."

मग त्याने ते सारे मला समजावून सांगितले, आणि मी पहिल्या बाकावरच्या मुलासारखा ऐकत राहिलो. काच सहाशे अंशांच्या वर तापवतात आणि तिच्यावर एकदम गार हवेचे झोत सोडतात. वरचा थर लगेच आवळतो, आतला मागाहून निवतो आणि वरच्याला आत ओढू पाहतो. या ओढाताणीतच तिची ताकद असते. वरचा थर भेदला गेला, की ती ताण एका क्षणात मोकळी होते आणि सबंध काचेचे दाणे होतात. टोकदार तुकडे होत नाहीत, म्हणून बसलेल्या माणसाचा गळा वाचतो. पुढची मोठी काच निराळी: दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पातळ पडदा. ती तडकते, पण जागा सोडत नाही.

घरी आल्यावर मी याविषयी थोडे वाचले. वितळलेल्या काचेचा थेंब पाण्यात पडला, की त्याचा शेपटीवाला मणी होतो. त्याच्या डोक्यावर हातोडी मारली तरी तो दाद देत नाही. पण शेपटीचे बारीक टोक मोडले की सगळ्या मण्याची भुकटी होते. सतराव्या शतकात राजपुत्र रूपर्ट याने हे मणी इंग्लंडात नेले, आणि तिथल्या रॉयल सोसायटीतले विद्वान त्यांच्यापुढे डोके खाजवत बसले. सर्वांत कणखर दिसणाऱ्या वस्तूचे मर्म भलत्याच जागी असते.

पण हे मागाहूनचे. दुकानात तो जुन्या काचेचा पट्टीत अडकून राहिलेला खालचा तुकडा काढत होता. काढता काढता थांबला.

"सर, काच कुणी फोडली म्हणला?"

"गल्लीतल्या पोरांनी. चेंडूने."

"कसला चेंडू?"

"टेनिसचा."

त्याने मान हलवली. "टेनिसच्या चेंडूनं ही फुटायची न्हाई. हे बघा." पट्टीतले रबर झिजून गेलेले होते. गंजलेले लोखंड काचेच्या कडेला थेट घासत होते. "कडेला टवका गेला, की मग ती कधी जाईल सांगता येत न्हाई. दार आपटायचं, नायतर नुसतं ऊन लागायचं निमित्त. खात्रीनं कोण सांगणार? पण मार लागून फुटल्यासारखी ही काच दिसत न्हाई. कुणीच फोडलेली न्हाई ती."

दुकानात पंखा फिरत होता. रस्त्यावरून उसाच्या रसाच्या गाड्याची घंटी वाजत गेली. मी कितीतरी वेळ त्या गंजलेल्या पट्टीकडे पाहत बसलो. त्याने नवे रबर घातले, काच वरून हलके आत सोडली, खाली पट्टीत बसवली आणि बोल्ट आवळू लागला. त्याचे तोंड दाराकडे होते. नाहीतर मला बोलवले नसते.

"ती शाळेतली काच," मी म्हणालो, "प्रयोगशाळेतली. ती तू फोडली नव्हतीस."

त्याचा हात थांबला नाही. "ते मला ठाऊकच हाय की, सर."

खरेच होते. त्याला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. वीस वर्षे मी जी बातमी जपून ठेवली होती, ती त्याला सांगण्याजोगी बातमीच नव्हती.

थोड्या वेळाने त्याने विचारले, "तुम्हाला कधी कळलं?"

कादंबरीकाराला खोटे सुचायला वेळ लागत नाही. 'अलीकडेच' हा शब्द माझ्या जिभेवर आलाही होता.

"त्याच वर्षी," मी म्हणालो. "दिवाळीला."

आता मात्र हात थांबला. तो वळला नाही. बोल्टावर पाना तसाच धरून उभा राहिला. मग म्हणाला, "आमचा बा गेला तवर त्याला वाटायचं, मीच फोडली." एवढेच. त्यात राग नव्हता. असता तर मला सोपे गेले असते.

पॅड लागले, हँडल लागले. "काच वर-खाली करून बघा," तो म्हणाला. मी केली. काच कसलाही आवाज न करता चढली, उतरली. काच आणि मजुरी मिळून १,३०० रुपये झाले. मी वर ८५ रुपये ठेवले नाहीत. ते हातात आले होते. पण ज्याने ते मोजले होते तो माणूस घ्यायला नव्हता. त्याने माझे सुटे पैसे परत दिले आणि "या, सर" म्हणाला, जसे सगळ्यांना म्हणत असेल.

निघताना दार लावले, तर आत काहीतरी खुळखुळले.

"एखादा कण राहतोच," तो म्हणाला. "सगळे निघत न्हाईत."

संध्याकाळी मी बॅट आणि चेंडू घेऊन गल्लीत गेलो. पोरे कट्ट्यावर बसली होती. मला पाहून उठली. सगळ्यांसमोर, जरा मोठ्यानेच, मी म्हणालो, "काच तुम्ही फोडली नव्हती. ती आपोआप फुटली. माझी चूक झाली." तो उंच मुलगा माझ्याकडे पाहत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर काय होते ते मी वाचायचा प्रयत्न केला नाही.

"आम्ही सांगत होतो की, काका," तो म्हणाला, आणि मग लगेच, "खेळू का?"

"खेळा," मी म्हणालो. गाडी मी तिथून हलवली नाही.

या पावसाळ्यात दाराच्या तळाची भोके मी दोनदा तपासली. पाणी नीट निघून जाते. पण दार लावले की तो कण अजून वाजतो. शेजारी बसणाऱ्या आमच्या मंडळींनी एकदा म्हटलेही, "पुन्हा त्या दुकानात दाखवून या की." मी "दाखवतो" म्हणालो. अजून गेलेलो नाही. जायचे आहे.