७५ मिलिमीटर

आषाढी एकादशीला बजाजनगरातून छोट्या पंढरपूरला पायी जायचं, हा आमच्या घरचा शिरस्ता. खऱ्या पंढरपूरला जाण्याइतकी रजा टूलरूमच्या माणसाला कुठली मिळायला! वाळूजच्या विठोबाला ते ठाऊक असावं. २०२४ साली एकादशी १७ जुलैला आली होती. दर्शन झालं, केळी-राजगिऱ्याचा लाडू झाला, आणि जत्रेत फुग्यांच्या स्टॉलपाशी आमची पोरगी खिळली.

वय नऊ, वजन २४ किलो. बंदुकीचा दस्ता खांद्याला लावला तर तिचं बोट ट्रिगरपर्यंत पोचेना, आणि बोट पोचवलं तर दस्ता खांद्याला टेकेना. शेवटी स्टॉलवाल्याने दस्ता तिच्या काखेत कोंबला, छत्री मारतात तसा, नळी स्वतः धरली, तिच्या बोटावर आपलं बोट ठेवलं आणि दाबलं. लाल फुगा फुटला. आम्ही टाळ्या वाजवल्या. ती गप्प. मोरे चौक आला तेव्हा म्हणाली, "पप्पा, तो फुगा मी नाही फोडला."

दोन आठवड्यांनी, १ ऑगस्टला, पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेनं पदक मारलं. ५० मीटर थ्री पोझिशन, ४५१.४ गुण, ब्राँझ. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा पोरगा. १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी मिळवलेल्या पदकानंतर महाराष्ट्राच्या माणसाचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, हे त्या दिवशी आमच्या कँटीनमध्ये प्रत्येकाने प्रत्येकाला सांगितलं. संध्याकाळी घरी मोबाइलवर पुन्हा पुन्हा तेच चाललं होतं. मी त्याचा चेहरा बघत होतो. पोरगी बंदूक बघत होती. "पप्पा, ह्याच्या बंदुकीला नटबोल्ट किती आहेत!"

खरंच होते. दस्ता मागे-पुढे सरकणारा, गालाखालची पट्टी वर-खाली होणारी. मी पंचवीस वर्षं जिग-फिक्स्चर करतोय. जॉब कसाही वेडावाकडा असो, फिक्स्चर त्याच्या अंगाबरहुकूम करायचं, हाच माझा धंदा. आणि जत्रेत मात्र मी पोरीलाच सांगत होतो, "हात लांब कर, हात लांब कर."

तसली रायफल दोन लाखांच्या पुढे. आमच्या ओळखीच्या एकाच्या माळ्यावर जुनी, स्प्रिंगवाली, नळी मोडून भरायची एअर रायफल पडली होती. अडीच हजारांत दिली. घरी आणायच्या आधी मी कायदा विचारून घेतला, कारण शेजारी विचारणारच होते. ४.५ मिलिमीटर नळीची आणि २० ज्यूलच्या आत ताकद असलेली एअर रायफल ठेवायला परवाना लागत नाही, २०१६ च्या शस्त्र नियमांत तशी सूट आहे. बायकोने कायद्यापेक्षा नेमका प्रश्न विचारला, "कुलूप कुठलं लावणार?" त्या दिवसापासून बंदूक गोदरेजच्या कपाटात, छर्रे दुसऱ्या कप्प्यात, आणि किल्ली कुठे असते ते मलाही विचारून घ्यावं लागतं. बहुधा ज्वारीच्या डब्यात.

पहिल्या रविवारी मापं घेतली. वजन २.८ किलो, म्हणजे पोरीच्या वजनाच्या नवव्या हिश्श्याहून थोडं जास्त. माझ्या वजनाच्या हिशोबाने मी आठ किलोचं पहारीसारखं धूड खांद्यावर तोलण्यासारखं झालं. ट्रिगरपासून दस्त्याच्या टोकापर्यंत ३५५ मिलिमीटर. पोरीचं माप घ्यायची साधी पद्धत आहे: कोपर काटकोनात वाकवायचं, दस्त्याचं टोक कोपराच्या खळीत टेकवायचं, आणि बोटाचं पहिलं पेर ट्रिगरवर येतं का बघायचं. मी दस्त्याऐवजी स्टीलची पट्टी धरली. २८० आलं.

म्हणजे ७५ मिलिमीटर कापायचे.

आमच्या टूलरूममधले मामा, निवृत्तीला आलेले टर्नर, त्यांना सांगितलं तर म्हणाले, "लाकूड कापायला अक्कल लागत नाही, ठेवायला लागते. तुकडा फेकू नको. पोरगी काय एवढीच राहणार हाय का?" हे मला सुचलं नव्हतं. तुकडा सुताराकडून तीन चकत्यांत कापून घेतला, प्रत्येकी २२ मिलिमीटर. ६६ झाले, उरलेले नऊ भुश्यात आणि घासकामात गेले. पोरगी वाढेल तशी एकेक चकती परत बसवायची. चकत्यांवर पेन्सिलने १, २, ३ लिहिलं आणि उलटसुलट लागू नयेत म्हणून वरच्या कडेला एक खाच मारली. सवय.

मग मी शहाणपणा केला. दस्त्याच्या टोकाला ॲल्युमिनियमची प्लेट बसवायची ठरवली, वर-खाली सरकणारी, तिरपी होणारी, कुसाळेच्या बंदुकीला असते तशी. तीन रविवार घालवले. खाचा मिलिंगवर मारल्या, कडा बफ केल्या, स्क्रूची डोकी बुजवून घेतली. इतकी देखणी वस्तू मी कंपनीसाठीसुद्धा केलेली नाही. पोरीने खांद्याला लावली, डोळे मिटले, आणि म्हणाली, "टोचतंय." ४८० ग्रॅम ॲल्युमिनियम काढून ठेवलं आणि जुन्या स्लिपरचा तळ कापून चिकटवला. तो आजही आहे.

दस्ता छोटा झाला की बंदूक पुढे जड होते, हे कापल्यावर कळलं. नळी खाली झुकायला लागली. यावर मी व्ही-ब्लॉक केला, नळीखाली आधार म्हणून. पक्का, लोखंडी, टेबलाला क्लॅम्प केलेला. आणि छर्रे दोन-दोन इंच वर जायला लागले, तेही दर वेळी वेगळ्या जागी. कारण समजायला मला आठवडा लागला. या बंदुकीत छर्र्यामागे दारू नाही, स्प्रिंग आहे. ट्रिगर ओढला की आतला पिस्टन सुटून पुढे धावतो आणि हवा दाबली जाते. छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधीच बंदूक मागे आणि मग पुढे हिसका खाते. तो हिसका रोज सारखा बसू दिला तर नेम सारखा लागतो. कडक लोखंडावर टेकवली की ती उडी मारते. घट्ट धरली तरी बिघडतं. सगळं क्लॅम्प करणाऱ्या माणसाला ही गोष्ट पचायला जड.

उपाय बायकोने काढला. जुन्या जीन्सच्या पायातून पिशवी शिवली, त्यात दोन किलो ज्वारी. बंदूक ज्या जागी तोलते त्या जागेखाली ती पिशवी, आणि पोरीचा डावा हात पिशवीवर नुसता पसरलेला. नेम एका रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत यायला लागला. (ज्वारी पुढे भाकरीत गेली नाही. छर्रे शिशाचे असतात. बंदुकीजवळचं काहीही स्वयंपाकघरात येत नाही, आणि नेमबाजी झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय वडापावला हात नाही, हा दुसरा नियम.)

ट्रिगरचं प्रकरण जास्त नाजूक. तो इतका जड होता की पोरगी दोन बोटांनी ओढायची आणि नळी उजवीकडे जायची. वजन मोजायला ट्रिगरला दोरीने पाण्याच्या बाटल्या लटकवल्या, बंदूक रिकामी, नळी मोडलेली नाही पण स्प्रिंग ताणलेली, तोंड मातीच्या डब्यात. तिसरी बाटली अर्धी भरली तेव्हा सुटला. अडीच किलो! कंपनीतला एक तरुण फिटर म्हणाला, "सर, आतल्या खटक्याची धार थोडी घासा, मस्त हलका होईल." होईल की. आणि एखाद्या दिवशी नळी मोडून छर्रा ठेवताना आपोआप सुटेल, नळी फटकन मिटेल आणि बोट मधे सापडेल. खटक्याला हात लावला नाही. त्याऐवजी पितळेचं एक रुंद टोपण केलं, १२ मिलिमीटर रुंद, कडा गोल केलेल्या, आणि ट्रिगरवर बारीक ग्रब स्क्रूने कसलं. वजन तेवढंच, पण बोटाला रुतत नाही आणि ट्रिगर सहा मिलिमीटर जवळ आला. पोरगी एका बोटाने ओढायला लागली. केलेल्या सगळ्या कामांत मला याचाच अभिमान आहे, आणि ते बनवायला लागली चाळीस मिनिटं.

महिन्यातून एकदा आम्ही शहरातल्या रेंजवर जातो. बाटल्यांच्या त्या प्रयोगाबद्दल तिथल्या कोचने मला नंतर झापलं. छर्रा नसताना स्प्रिंगची बंदूक सोडायची नाही. पुढे हवेची गादी नसते, पिस्टन थेट आपटतो. बरोबर होतं. एकदाच केलं होतं, पण केलं होतं.

नळी मोडून स्प्रिंग ताणायचं काम मात्र पोरीचं नाही. सामानाच्या काट्याने मोजलं तर १४ किलो ओढ. स्प्रिंगचे दोन वेढे कापले असते तर हलकी झाली असती, हेही सुचवणारे भेटले. नाही कापले. मी ताणतो, नळी एका हातात पक्की धरून ठेवतो, ती छर्रा ठेवते, मी मिटतो, ती उडवते. यामुळे वेग मंदावतो. तासाला तीस शॉट होतात. नऊ वर्षांच्या पोरीला तेवढे पुष्कळ आहेत.

जागेचा प्रश्न बजाजनगरात सगळ्यांनाच असतो. १९८५ ला बजाज ऑटोचा कारखाना इथे आला, मग वसाहत वाढत गेली, आणि आमच्या वाट्याला घर आणि कंपाउंडच्या भिंतीमधला एक बोळ आला. मोजला, सात मीटर. स्पर्धा दहा मीटरची असते. मग निशाणाचा कागदच लहान केला. दहा मीटरच्या कागदावर काळा गोल ३०.५ मिलिमीटरचा असतो, सात मीटरला तो २१.३५ हवा. झेरॉक्सवाल्याला "सत्तर टक्के" म्हटलं आणि काम झालं. मूळ कागदावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, पेनाच्या टोकाएवढा. सत्तर टक्क्यांत तो झेरॉक्सच्या शाईत बुडून जातो. असो.

कागदामागे आधी फळी लावली होती. पोरीच्या आधी मी एकट्याने उडवून पाहिलं, आणि पहिलाच छर्रा फळीवरून उलटून माझ्या नडगीवर येऊन आपटला. जखम नाही, पण निळा डाग आठवडाभर होता. तो डाग मी बायकोला दाखवला नाही. मग भंगारातल्या तीन मिलिमीटर पत्र्याची पेटी केली, आत पत्रा ४५ अंशांत तिरपा, खाली वाळू. छर्रा तिरप्या पत्र्यावर आपटून खाली जातो, टण असा आवाज येतो. पोरीला तो आवाजच फार आवडतो. दोघांच्या डोळ्यांवर कंपनीतले गॉगल असतात. स्वयंपाकघराचं दार बोळात उघडतं. त्याची कडी बायको आतून स्वतः लावते आणि "झालं" असं मी तीनदा म्हटल्याशिवाय काढत नाही.

गॉगलची एक गंमत. इतकं सगळं करूनही छर्रे डावीकडे जात होते. मी साइट सरकवत राहिलो. शेवटी रेंजवरच्या कोचने पोरीला दोन तळव्यांमधून छोटं भोक करून त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघायला लावलं आणि एकेक डोळा मिटायला सांगितला. उजवा मिटला तरी घड्याळ दिसतच होतं. हात उजवा, डोळा डावा. डाव्या काचेवर पांढऱ्या टेपचा तुकडा चिकटवला. पाच रुपयांचा तुकडा. मी साइटवर तीन रविवार घालवले होते.

त्याच कोचने हेही सांगितलं की एवढ्या पोरीला उभं राहून, कंबर मागे काढून मारायला लावू नका. टेबल, स्टूल, पिशवी, बस. जर्मनीत तर बारा वर्षांखालच्या मुलांना छर्रे मारायला सहसा परवानगीच नसते, क्लबात त्यांना प्रकाशाचा किरण सोडणारी बंदूक देतात. मला ते ऐकून थोडं ओशाळल्यासारखं झालं. पोरगी म्हणाली, "लायटीची बंदूक टण वाजते का?"

पहिली चकती गेल्या वर्षी जूनमध्ये बसवली. त्या दिवशी तिने चकतीवरचा पेन्सिलचा आकडा खोडू दिला नाही. दुसरी या गुढीपाडव्याला. आता माप ३२४. दोन चकत्या, स्लिपरचा तळ आणि मूळ दस्ता अशी थप्पी झाली, आणि जुने स्क्रू पुरेनात. शंभर मिलिमीटरचे लाकडी स्क्रू हवे होते, बारीक आट्यांचे. चौकातल्या हार्डवेअरवाल्याने डबा धुंडाळत विचारलं, "पलंग मोडला काय साहेब?"

"नाही," पोरगी म्हणाली, "मी वाढायले."

त्याने चार स्क्रू मोजून दिले. दोनच लागणार होते. उरलेले दोन तिसऱ्या चकतीबरोबर पुडीत बांधून कपाटात ठेवलेत.