संयुक्त रिटर्नवर माझी सही

२०१९ सालचं अमेरिकेतलं टॅक्स रिटर्न आपण एकत्र भरायचं नाही, असं मी २०२० च्या मार्चमध्ये नवऱ्याला स्पष्ट सांगितलं होतं. जुलैमध्ये त्याच रिटर्नवर मी सही केली. मधल्या काळात त्याने हट्ट धरला नाही, घरच्या कोणी गळ घातली नाही. मी कायदा वाचत गेले आणि माझं मत बदलत गेलं. ते कसं बदललं हे सांगावंसं वाटतं, कारण लग्न करून एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावर इकडे येणाऱ्या आपल्याकडच्या कित्येक मुलींपुढे पहिल्याच वर्षी हा कागद येतो, आणि बहुतेक वेळा 'इथे सही कर गं' एवढं बोलून तो पुढे सरकवला जातो.

मी ऑगस्ट २०१९ मध्ये न्यू जर्सीत आले. त्याआधी पुण्यात नोकरी करत होते आणि पहिल्या पगारापासून माझं रिटर्न मीच भरत होते. आपल्याकडे पॅन ज्याचं त्याचं, उत्पन्न ज्याचं त्याचं आणि रिटर्नही ज्याचं त्याचं. लग्नानंतर पॅनचा नंबर तोच राहतो. मला ती व्यवस्था मनापासून आवडायची, अजूनही आवडते. बाकी सगळीकडे 'अमक्याची मुलगी', 'तमक्याची बायको' असले तरी आयकर खात्याच्या लेखी मी एकटी, स्वतःच्या पायावर उभी असलेली बाई होते.

इथे आल्यावर ते गेलं. एच-फोरवर काम करायची परवानगी नसते. २०१५ पासून काही जणींना ती मिळू लागली, पण त्यासाठी नवऱ्याच्या ग्रीनकार्डाची प्रक्रिया बरीच पुढे गेलेली असावी लागते. परवानगी नाही म्हणून सोशल सिक्युरिटी नंबर नाही. तो नंबर नसेल तर टॅक्ससाठी आयटिन काढावा लागतो. हा ९ ने सुरू होणारा नऊ आकडी क्रमांक असतो आणि त्याने नोकरीचा हक्क मिळत नाही, पेन्शनचा नाही, कशाचाच नाही. तो फक्त कर भरण्यापुरता. एरवी मी या देशाच्या खिजगणतीत नाही आणि नवऱ्याचा कर कमी करायचा म्हटल्यावर तेवढी माझी आठवण, असं मला वाटलं, आणि ते फार लागलं.

नवऱ्याचा मुद्दा पैशांचा होता आणि हिशेबापुरता तो बरोबर होता. ७२ हजार डॉलर पगार धरा. ३१ डिसेंबरला लग्न झालेलं असेल तर 'सिंगल' म्हणून रिटर्न भरता येत नाही. एकत्र भरा नाहीतर विवाहित पण वेगळं. २०१९ साठी वेगळ्या रिटर्नला सरसकट वजावट १२,२०० डॉलरची होती, एकत्र रिटर्नला २४,४०० ची. बारा टक्क्यांचा टप्पा वेगळ्याला ३९,४७५ डॉलरवर संपत होता, एकत्र भरणाऱ्यांना ७८,९५० वर. गणित मांडलं तर वेगळं भरताना साधारण ९,००० डॉलर कर येतो, एकत्र भरताना ५,३००. "अगं, साडेतीन हजारांच्या वर वाचतात, आणि तुला फक्त सही करायची आहे," तो म्हणाला. नेमकी ती 'फक्त सही' मला नको होती.

कारण त्या सहीमागे काय आहे ते मी वाचलं होतं. ऑगस्टमध्ये आल्यामुळे त्या वर्षी अमेरिकेत माझे १८३ दिवस भरत नव्हते, म्हणजे करापुरती मी अनिवासी. अनिवासी बायकोबरोबर एकत्र रिटर्न भरायचं तर दोघांनी सही केलेलं एक निवेदन जोडावं लागतं, की हिला पूर्ण वर्षासाठी निवासी धरा. ते जोडलं की १ जानेवारीपासूनचं माझं जगभरातलं उत्पन्न अमेरिकेच्या कराखाली येतं. पुण्यातला जानेवारी ते जुलैचा पगार. आईबाबांनी सांगलीच्या बँकेत माझ्या नावे ठेवलेल्या एफडीचं व्याज. पीपीएफचं व्याजसुद्धा, कारण ते भारतात करमुक्त असलं तरी अमेरिका तसं मानत नाही. आणि याहून मोठी गोष्ट म्हणजे एकत्र रिटर्नवर सही करणारे दोघंही पूर्ण कराला जबाबदार असतात, अर्ध्या-अर्ध्या नव्हे. उद्या त्याच्या एखाद्या उत्पन्नाचा हिशेब चुकला तर वसुली माझ्याकडूनही होऊ शकते. त्यातून सुटका मागण्यासाठी वेगळा अर्ज आहे, पण मला काही माहीत नव्हतं आणि माहीत असायचं कारणही नव्हतं, हे तिथे पटवून द्यावं लागतं. स्वतःची कमाई नसलेल्या बाईने ही जबाबदारी का घ्यावी?

त्यात मार्चअखेर करोनाचा मदत कायदा आला. कमी-मध्यम उत्पन्नाच्या माणसाला १,२०० डॉलर, जोडप्याला २,४००. पण एकत्र रिटर्न भरणाऱ्या जोडप्यात एकाकडे जरी आयटिन असला तरी दोघांनाही शून्य. सूट होती ती फक्त सैन्यदलातल्या जोडप्यांना. नवऱ्याने वेगळं भरलं असतं तर त्याचे १,२०० मिळाले असते. म्हणजे माझं नाव त्याच्या शेजारी आलं की त्याचा हक्कही बुडत होता. 'बघ, मी म्हणत होते ना,' असं मी त्याला म्हटलं, आणि त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

तरीही मी सही केली. तिथवर येण्याची पहिली पायरी मराठी मंडळात ओळख झालेल्या एका काकूंमुळे चढले. काकू पुष्कळ वर्षं इथल्या लोकांची रिटर्न्स तयार करून देतात. टाळेबंदीतल्या एका लांबलचक फोनवर मी त्यांना माझं सगळं गाऱ्हाणं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाळा, या वर्षी तू कुठे असणार आहेस?"

"इथेच."

"मग या वर्षी तू आपोआप निवासी. वेगळं भर की एकत्र भर, सांगलीची एफडी त्यात येणारच. आणि विवाहित असून वेगळं भरणाऱ्याला रिटर्न कधी लागू होतं ठाऊक आहे? वर्षाचं उत्पन्न पाच डॉलर झालं की."

मी ते तपासून पाहिलं. खरंच पाच डॉलर. माझी खाती माझ्यापुरती ठेवण्यासाठी मी जी भिंत उभी करू पाहत होते ती जेमतेम एका वर्षाची होती. २०२० पासून तसंही सगळं सांगायचं होतं: व्याज रिटर्नमध्ये, आणि भारतातल्या सगळ्या खात्यांची मिळून रक्कम वर्षात कधीही दहा हजार डॉलरच्या वर गेली तर त्यांची माहिती देणारा एफबार नावाचा वेगळा फॉर्मही. मग उरला तो पुण्याचा पगार. त्यावर भारतात कापलेला कर इथल्या करातून वजा मिळतो, म्हणजे नव्याने भरायचं झालं तर किरकोळ. भीतीचा अर्धा भाग असा आकड्यांनीच संपला.

उरलेला अर्धा आकड्यांचा नव्हता. एकत्र रिटर्न म्हणजे बायकोला नवऱ्याच्या खात्यात जमा करणं, अशी माझी पक्की धारणा होती. ती बदलली इतिहास वाचताना. टेक्सास, कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन अशा काही राज्यांत लग्नानंतरची कमाई, कोणीही आणलेली असो, कायद्याने दोघांची निम्मी-निम्मी असते. १९३० मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला, की अशा राज्यांतल्या बायकोने नवऱ्याच्या पगाराचा अर्धा भाग स्वतःचं उत्पन्न म्हणून दाखवणं योग्य आहे, कारण तो तिचाच आहे. इतर राज्यांतली जोडपी यामुळे जास्त कर भरत राहिली, आणि अखेर १९४८ मध्ये ती निम्म्या-निम्म्याची सोय एकत्र रिटर्नच्या रूपाने देशभर लागू झाली. ती २४,४०० ची वजावट आणि तो दुप्पट रुंद टप्पा तिथून आला. नवऱ्यावर मेहेरबानी म्हणून ते दिलेलं नाही. पगार एकाच्या हातात पडला तरी तो दोघांचा आहे, हे त्यामागचं मूळ.

हे वाचताना मला मडगावला दिलेली माझी आत्या आठवली. तिने कधी नोकरी केली नाही, पण तिचं रिटर्न वर्षानुवर्षं भरलं जातं, कारण काकांच्या दुकानाच्या आणि भाड्याच्या उत्पन्नाचा अर्धा भाग तिच्या नावे लागतो. पोर्तुगीज नागरी कायदा लागू असलेल्या गोव्यातल्या जोडप्यांसाठी आपल्या आयकर कायद्यात स्वतंत्र कलम आहे, ते पगार सोडून बाकीचं उत्पन्न असंच विभागतं. लहानपणी मला ती कागदोपत्री क्लृप्ती वाटायची. आत्याला मात्र दुकानाचा हिशेब पैशापर्यंत ठाऊक असतो आणि तिच्या सहीशिवाय घरातला कुठलाही मोठा व्यवहार होत नाही. पुण्यात स्वतःचं पॅन मिरवणाऱ्या मला सासरच्या घराच्या कर्जाचा हप्ता किती आहे हेही माहीत नव्हतं.

तेव्हा मी नवऱ्याला माझी अट सांगितली. रिटर्न आपण दोघं शेजारी बसून भरायचं, आणि प्रत्येक ओळ मला समजल्याशिवाय मी सही करणार नाही. तो लगेच हो म्हणाला. मग जेवणाच्या टेबलावर कागद पसरले. माझ्या पुण्याच्या पगाराचा हिशेब सगळ्यात किचकट निघाला: आपलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, इथलं जानेवारी ते डिसेंबर. त्यामुळे जानेवारी ते मार्च एका फॉर्म सोळामधून आणि एप्रिल ते जुलै दुसऱ्यामधून, पगाराच्या एकेका स्लिपवरून जुळवत बसले. पीएफसाठी माझ्या पगारातून कापलेली रक्कम भारतात तेव्हा ८०सी खाली वजा व्हायची, इथे होत नाही, म्हणून ती परत मिळवायची. मग सगळं वर्षाच्या सरासरी दराने डॉलरमध्ये. एसआयपीपाशी आल्यावर आम्ही दोघंही थबकलो. भारतीय म्युच्युअल फंडाकडे अमेरिकेचा कर कायदा फार कडक नजरेने बघतो. त्यासाठी स्वतंत्र फॉर्म आहे आणि विकताना कर जाचक पडू शकतो. माझी रक्कम लहान होती, तरी मी तो हप्ता त्याच महिन्यात थांबवला. दागिने मात्र कुठेच दाखवावे लागत नाहीत. आईला फोनवर आधी तेच सांगितलं.

आयटिनचा अर्ज रिटर्नलाच जोडावा लागतो, त्यामुळे सगळं कागदावर छापून टेक्सासमधल्या ऑस्टिनला टपालाने पाठवायचं. सोबत मूळ पासपोर्ट. नोटरीची प्रत चालत नाही. विमानं बंद, सांगलीत आईबाबा दोघंच, आणि भारतीयांना मायदेशी नेणाऱ्या 'वंदे भारत' मोहिमेच्या एखाद्या विमानात जागा मिळाली तर पासपोर्ट हातात हवा. म्हणून पासपोर्ट बघून प्रमाणपत्र देणारा अधिकृत एजंट आम्ही गाठला. त्याची फी गेली, पण पासपोर्ट घरात राहिला. त्या वर्षी रिटर्नची मुदत १५ जुलैपर्यंत वाढवली होती. त्याआधी मी सही केली. करोना मदतीतून आयटिनवाल्या जोडप्यांना वगळण्याचा तो नियम डिसेंबर २०२० मध्ये नव्या कायद्याने मागील तारखेपासून बदलला, आणि सोशल सिक्युरिटी नंबर असलेल्या जोडीदाराचे १,२०० डॉलर पुढच्या रिटर्नमध्ये मिळायची सोय झाली. सही करताना हे मला माहीत नव्हतं, आणि ते झालं नसतं तरीही माझं मत तेच राहिलं असतं.

माझे सगळेच आक्षेप मावळलेले नाहीत. पूर्ण कराची जबाबदारी दोघांवर टाकणारा नियम मला आजही जड वाटतो. आणि पुढे जिला काम करायची परवानगी मिळते तिच्या पगाराच्या पहिल्या डॉलरवर नवऱ्याच्या वरच्या टप्प्याचा दर लागतो, हा एकत्र रिटर्नचा दोष इथल्या अर्थतज्ज्ञांनीही दाखवलेला आहे. निम्म्याचा हक्क मान्य करणारी व्यवस्था कमावत्या बाईला असं मागे ओढते, हे मला पटत नाही.

एच-फोरवर येणाऱ्या मैत्रिणींनो, निघण्याआधी आपल्या खात्यांची, ठेवींची आणि फंडांची यादी स्वतः करा, आणि फंडांचं काय करायचं ते भारतात असतानाच जाणत्या माणसाला विचारून ठरवा. सही करण्याआधी नवऱ्याचा डब्ल्यू-टू हा पगाराचा वार्षिक दाखला आणि पूर्ण रिटर्न वाचा, समजलं नाही तर थांबा, आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवा. वेगळं भरलेलं रिटर्न नंतर तीन वर्षांच्या आत एकत्र करता येतं. एकत्र भरलेलं मात्र मुदत उलटल्यावर वेगळं करता येत नाही.