वहीतली शेवटची ओळ

मुलांनो, ‘पतंग’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? मांजा, फिरकी आणि संक्रांतीचं आकाश! पण मी आज ज्या पतंगांबद्दल सांगणार आहे, त्यांना ना दोरी ना शेपटी. ते स्वतःच्या पंखांनी उडतात आणि बहुतेक जण रात्रीच उडतात. दिव्याभोवती घिरट्या घालतात ना, तेच हे पतंग. फुलपाखरांचे सख्खे भाऊबंद!

खरं सांगायचं, तर लहानपणी मला त्यांची भीती वाटायची. पतंग घरात शिरला की आमची आजी ओरडायची, “डोळे झाका रे! त्याची भुकटी डोळ्यांत गेली तर आंधळे व्हाल.” मोठा झालो, हायस्कुलात गणित शिकवू लागलो, तरी दिव्यावर पतंग आला की माझा हात आपोआप डोळ्यांवर जायचा. ही भुकटी म्हणजे पंखांवरचे बारीक खवले असतात आणि त्यांनी कुणी आंधळं होत नाही, हे मला माझ्या मुलीनं सांगितलं. तेव्हा ती सातवीत होती.

आमचं घर सिंधुदुर्ग जिल्ह्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी. मागच्या परसात रायवळ आंबा, पेरू, दालचिनीची चार झाडं आणि पुढं थेट जंगल. आमच्या भागात पाचसहा हौशी माणसांचं एक निसर्गमंडळ आहे. त्यात पोस्टातून निवृत्त झालेले एक काका आहेत, दवाखान्यात काम करणारी एक ताई आहे, एक रिक्षावाले दादा आणि दोन कॉलेजची मुलं आहेत. २०२२ सालच्या जूनमध्ये मंडळानं ठरवलं, की दर महिन्याला अमावास्येच्या जवळच्या शनिवारी रात्री पतंगांची नोंद करायची. जागा हवी होती. माझ्या मुलीनं मला न विचारताच आमचं परस देऊन टाकलं!

अमावास्याच का? चांदण्या रात्री दिव्याकडे पतंग कमी येतात. अंधार जितका गडद, तितका आपला दिवा त्यांना जास्त ओढतो.

सामान अगदी साधं. दोन बांबूंना बांधलेली पांढरी चादर, तिच्यापुढे एक मोठा दिवा, मोजपट्टी, कॅमेरा आणि वही. पहिल्या रात्री शेजारचे शेतकरी आबा कुंपणावरून डोकावून म्हणाले, “काय ओ मास्तरांनू, रातीचो सिनेमा दाखवतास काय?”

आणि खरोखरच सिनेमाच सुरू झाला! पहिला पाऊस पडून गेला होता. आठ वाजेपर्यंत चादर भरून गेली. तांदळाच्या दाण्याएवढे पतंग, वाळक्या पानासारखे पतंग, पक्ष्याच्या विष्ठेसारखे दिसणारे पतंग (हो, तसं दिसलं की कुणी खायला येत नाही!). एकाच्या पाठीवर सोनेरी ठिपके, दुसऱ्याचे पंख काचेसारखे. मी तर मोजता मोजता थकलो. गणिताच्या मास्तरांची ही अवस्था!

भारतात फुलपाखरांच्या साधारण तेराशे जाती आहेत. पतंगांच्या मात्र दहा हजारांहून जास्त आहेत. फुलपाखरांचं कौतुक सगळे करतात. २०१५ साली महाराष्ट्रानं ब्लू मॉरमॉन या फुलपाखराला राज्य-फुलपाखराचा मान दिला. असा मान देणारं हे देशातलं पहिलं राज्य. पण विदर्भातलं टसर रेशीम आपल्याला कोण देतं? ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढणारी पतंगाची अळीच!

फुलपाखरू आणि पतंग ओळखायचे कसे? मिशा बघा. फुलपाखराच्या मिशांच्या टोकाला छोटी गाठ असते. पतंगाच्या मिशा बहुधा दोऱ्यासारख्या किंवा पिसासारख्या असतात.

वहीत काय लिहायचं, याची शिस्त पोस्टातल्या काकांनी घालून दिली. तारीख, वेळ, पाऊस, वारा, चंद्र, कोणता पतंग, किती. नाव ठाऊक नसेल तर ‘अनोळखी क्रमांक अमुक’ असं लिहायचं, पण अंदाजानं नाव ठोकून द्यायचं नाही. ते म्हणायचे, “पत्त्याच्या बाबतीत पोस्टमन कधी अंदाज करत नाही.”

जुलैत धो धो पाऊस. छत्र्या धरून नोंदी केल्या, वहीची पानं फुगली. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात जगभरातले लोक असेच पडदे लावून पतंग-सप्ताह पाळतात. २०१२ साली अमेरिकेत त्याची सुरुवात झाली. आपण एकटेच वेडे नाही, हे कळल्यावर आम्हांला बरं वाटलं! ऑगस्टमध्ये पोपटी रंगाचा, लांब शेपट्यांचा मून मॉथ आला आणि मुलगी रात्रभर झोपली नाही. दिवसा आम्ही अळ्या शोधायचो. तगरीच्या झाडाखाली मिऱ्यांएवढी काळी लेंडं दिसली, की वर पानांत नक्की एक जाडजूड हिरवी अळी असायची. डोक्यामागे दोन निळे डोळे काढल्यासारखी!

मग आली २४ सप्टेंबरची रात्र. सर्वपित्री अमावास्येची आदली रात्र. दहा वाजता पावसाची सर आली, तशी मंडळी घरी गेली. मी म्हणालो, “मी बसतो थोडा वेळ. काही पतंग उशिराच येतात.” मुलगी माझ्याजवळ ओटीवर बसून राहिली.

अकरा वाजता अंधारातून काहीतरी फडफडत आलं. मला वाटलं, वटवाघूळ! ते चादरीवर बसलं आणि आम्ही दोघं श्वास रोखून बघत राहिलो. तो अ‍ॅटलस पतंग होता. पसरलेले पंख माझ्या वितीपेक्षाही मोठे. विटकरी रंग, प्रत्येक पंखावर अभ्रकाच्या तुकड्यासारखी एक पारदर्शक खिडकी आणि वरच्या पंखांची टोकं हुबेहूब नागाच्या डोक्यासारखी! मोजपट्टी लावली. बावीस सेंटिमीटर. मिशा अरुंद, पोट टपोरं. म्हणजे ती मादी होती, पोटात अंडी असलेली.

मुलांनो, या पतंगाची एक विलक्षण गोष्ट आहे. पतंग झाल्यावर तो काहीच खात नाही. त्याचं तोंडच निकामी असतं. अळी असताना दालचिनी, पेरू, सीताफळ अशा झाडांचा पाला खाऊन साठवलेल्या चरबीवर तो जेमतेम आठवडा-दोन आठवडे जगतो. तेवढ्यात जोडीदार भेटायला हवा आणि अंडी घातली जायला हवीत. त्याच्याकडे फुकट घालवायला एकही रात्र नसते.

मी मुलीला झोपायला पाठवलं. “बाबा, दिवा बंद कराल ना?” तिनं विचारलं. “करतो गं, पाच मिनिटांनी,” मी म्हणालो आणि आरामखुर्चीत टेकलो.

जाग आली ती पक्ष्यांच्या कलकलाटानं. उजाडलं होतं. दिवा तसाच जळत होता. चादरीवर कोतवाल झेपावत होते, दयाळ खाली टिपत होता. रात्रभर दिव्यापाशी खिळून राहिलेले पतंग म्हणजे त्यांना वाढून ठेवलेलं ताटच! मी धावत गेलो, पक्षी उडाले. चादरीच्या खाली, ओल्या गवतात, चार मोठे विटकरी पंख पडले होते. नुसते पंख.

मागून मुलगी आली. ती रडली नाही, मला काही बोललीही नाही. पंख गोळा करून तिनं पुठ्ठ्यावर ठेवले आणि वही उघडली. मी म्हणालो, “कालची नोंद झाली आहे की. अ‍ॅटलस, मादी, एक. पुरे तेवढं.”

ती म्हणाली, “पण बाबा, सकाळचं लिहायचं राहिलं ना?”

आणि तिनं लिहिलं: ‘सकाळी साडेसहा. अ‍ॅटलसचे पंख ४. बाबा दिवा बंद करायला विसरले.’

त्या रविवारी मंडळाच्या बैठकीत वही वाचायची पाळी माझी होती. मी वाचत वाचत त्या पानाशी आलो. अ‍ॅटलसचं नाव ऐकताच सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, इथंच थांबावं. कोण बघतंय? पण समोर मुलगी बसली होती. वर्गात मी पोरांना सांगतो, की उत्तर चुकलं तरी चालेल, पण रीत खोडून टाकू नका. मी घसा खाकरला आणि शेवटची ओळही वाचली.

क्षणभर कुणीच काही बोललं नाही. मग पोस्टातले काका सावकाश म्हणाले, “ज्या वहीत अशी ओळ आहे, त्या वहीतल्या बाकीच्या ओळींवर माझा विश्वास बसतो.” आणि रिक्षावाले दादा खाली मान घालून म्हणाले, “मागे एकदा माझ्याकडूनही असंच झालं होतं. मी लिहिलं नाही.”

त्या दिवसापासून आमच्या वहीत एक नवा रकाना आला: ‘दिवा किती वाजता बंद केला?’ साडेदहाला दिवा बंद करायचा, चादर हलक्या हातानं झटकायची आणि सगळे पतंग अंधारात गेले, की मगच घरी जायचं.

पतंग दिव्याकडे का येतात, हे मला त्यानंतर नीट कळलं. २०२४ साली काही शास्त्रज्ञांनी वेगवान कॅमेऱ्यांनी किडे टिपून एक शोध प्रसिद्ध केला. रात्री आकाश जमिनीपेक्षा थोडं उजळ असतं. म्हणून उडणारे किडे पाठ उजेडाकडे ठेवतात. त्यावरून त्यांना वर कुठं, खाली कुठं ते समजतं. मध्येच आपला दिवा आला, की ते त्याच्याकडे पाठ वळवू बघतात आणि गोल गोल फिरत राहतात. म्हणजे ते काही दिव्याच्या प्रेमात पडत नाहीत. त्यांची वाट चुकते, आणि चुकवणारे आपण असतो.

त्या वर्षी कोजागरीला आम्ही मुद्दाम पडदा लावून पाहिला. मसाला दूध पीत वाट बघितली. चंद्र झकास होता, पडदा जवळजवळ रिकामा! मुलगी तरीही लिहीत होती: किती वाजता, किती. “काहीच नाही, ते कशाला लिहायचं?” मी विचारलं. ती म्हणाली, “काहीच नाही, हीसुद्धा नोंदच आहे.” ऑक्टोबरच्या अखेरीस भात पिकत आलं होतं. चादरीवर पिवळे छोटे पतंग बसले, पुढच्या प्रत्येक पंखावर एक काळा ठिपका. तो भातावरचा खोडकिडा! त्याची अळी रोपाचं खोड आतून पोखरते, मग लोंबी पांढरी पडते, दाणा भरत नाही. आम्ही आबांना बोलावलं. ते वाकून बघत राहिले. “अळी दर वर्साक बघतंय, पण तिची आवस ही, ह्यां आज समाजला!” पुढच्या महिन्यापासून आबाही आमच्यात येऊ लागले.

जानेवारीच्या थंडीत अख्ख्या रात्रीत चार पतंग. मे महिन्यात उकाडा, वीज गेलेली, नोंद रद्द. तेही लिहिलं. जूनमध्ये पाऊस आला आणि पडदा पुन्हा भरला. वर्षभराची वही समोर ठेवली तेव्हा कुठं कळलं, की आपल्या परसातही पावसाचं, थंडीचं, भाताचं एक वेळापत्रक आहे. एका रात्रीत ते दिसत नाही.

२०२३ च्या सप्टेंबरमध्ये आम्ही अ‍ॅटलसची वाट बघत बसलो. तो आला नाही. माझ्या चुकीमुळे आला नाही का? एका वर्षाच्या नोंदीवरून तसं म्हणता येत नाही. वहीत त्याच्या नावापुढे शून्य लिहिलं आणि साडेदहाला दिवा बंद केला.

हॅम्पसन नावाच्या इंग्रजानं १८९२ ते १८९६ या काळात भारतातल्या पतंगांवर चार जाडजूड खंड लिहिले. कोणता पतंग कुठं सापडतो, हे त्यानं नोंदवून ठेवलं, म्हणून सव्वाशे वर्षांनंतरही अभ्यासक ते खंड उघडतात. आपली वही एवढी मोठी नसेल, पण आपल्या गावाचं आपणच लिहायचं ना?

तेव्हा मुलांनो, एखाद्या अंधाऱ्या शनिवारी आईबाबांना सोबत घ्या. गॅलरीत किंवा अंगणात पांढरी चादर आणि दिवा लावा. पतंगांना चिमटीत धरू नका. केसाळ अळ्यांना तर बोटही लावू नका, फार आग होते. तासाभरात जे दिसेल ते लिहा. काही दिसलं नाही, तर तेही लिहा.

आणि हो, झोपण्यापूर्वी दिवा बंद करा. बाबा ‘पाच मिनिटांनी करतो’ म्हणाले, तर त्यांच्यावर विश्वास ठेवू नका!