१ ऑगस्ट १९२०



लोकमान्य टिळक शनिवारी गेले की रविवारी, याचा निकाल घड्याळाने लावला. मुंबईच्या सरदारगृहात त्यांनी प्राण सोडला तेव्हा मध्यरात्र उलटून चाळीसेक मिनिटे झाली होती. पंचांगाचा दिवस सूर्योदयाला सुरू होतो. त्या हिशेबाने तो आदलाच दिवस. इंग्रजी तारीख मात्र बदलली होती: १ ऑगस्ट १९२०, रविवार. चौसष्टावे वर्ष पूर्ण होऊन आठवडाच उलटला होता.

चौपाटी काही स्मशान नव्हे. तिथे दहनासाठी सरकारकडून खास परवानगी काढावी लागली. पार्थिव पद्मासनात बसवून नेले. पाऊस होता, तरी रस्ते माणसांनी फुलले होते. गांधीजींनी खांदा दिला.

त्याच दिवशी गांधीजींनी व्हाइसरॉय चेम्सफर्ड यांना पत्र लिहून कैसर-ए-हिंद पदक परत केले आणि असहकाराला आरंभ झाला. टिळकांच्या मृत्यूनंतर नेतृत्व गांधीजींकडे गेले ते जणू त्या एका दिवसातच, असे पुष्कळदा लिहिले जाते. हे फार सोयीचे झाले. खिलाफतीच्या प्रश्नावर असहकार सुरू करण्यासाठी ही तारीख आधीच जाहीर झालेली होती. मृत्यू तिच्यावर येऊन पडला, इतकेच.

त्याच दिवशीची तिसरी घटना कोणाच्या खिजगणतीतही नव्हती. तेव्हाच्या सातारा, आताच्या सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावी एका मातंग कुटुंबात मुलगा झाला. नाव तुकाराम भाऊराव साठे, पुढे अण्णाभाऊ. शाळा दीड दिवसाची. घरची मंडळी पायी मुंबईला आली. लाल बावटा कलापथक, पोवाडे, तीसहून अधिक कादंबऱ्या, १९५९ची ‘फकिरा’ हे सगळे त्यानंतरचे.

आता महाराष्ट्रातल्या शाळांत १ ऑगस्टला एकाच टेबलावर दोन तसबिरी मांडतात, एकीला पुण्यतिथीचा हार, दुसरीला जयंतीचा. तलाठ्याच्या दप्तरात तर हा नव्या महसुली वर्षाचा पहिला दिवस, म्हणजे महसूल दिन. दूरच्या घटनाही आहेत: १७७४ साली प्रीस्टलीने प्राणवायू वेगळा केला तो याच तारखेला, १९१४ साली जर्मनीने रशियाविरुद्ध युद्ध पुकारले तेही. त्यांचा या दोन तसबिरींशी काडीचा संबंध नाही.

त्या दोघांचा संबंध आहे, पण तो तारखेतून आलेला नाही. जुलै १९०८मध्ये टिळकांना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद पाडले, वर्षाला एक दिवस. चौपाटीवर लोटलेल्या गर्दीतही हा कामगार होता. अण्णाभाऊ पुढे त्याच गिरणगावात आले, गिरणीत राबले, आणि ज्यांच्यासाठी डफावर थाप मारून गायले, ते याच वस्तीतले श्रोते होते.